नाव-गाव ठाऊक नसलेल्या मैत्रिणीची मिसिंग

हे प्रकरण विसरावं असं मला पुष्कळदा वाटलं, पण ते काही डोक्यातून जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतल्या कित्येकांचे आरोपी आता समोर आले तरी मी ओळखणार नाही. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही, कुणाला बेडी पडली नाही, शेवटी गुन्हासुद्धा दाखल झाला नाही. तरी ते राहिलं आहे, कारण त्यात माझंही वागणं आहे आणि ते कौतुक करण्यासारखं नाही.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याचं नाव देत नाही. ढाणकीहून शेअर जीपने आमच्याकडे येता येतं, एवढं पुरे. निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. माझ्या हाताखाली एक महिला उपनिरीक्षक नव्याने आल्या होत्या, मूळच्या कोल्हापूरकडच्या. त्यांना मी मॅडम म्हणायचो. शेतातले मोटारपंप चोरणारी एक टोळी त्यांनी मोबाइलच्या आधारे पकडली आणि त्या महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचं नाव घेऊन शाबासकी दिली. मीही टाळ्या वाजवल्या. पण परतताना गाडीत तेच डोक्यात होतं. तीस वर्षांत माझं नाव असं भर मीटिंगमध्ये कुणी घेतलं नव्हतं, आणि ही कालची पोर. स्पष्टच लिहितो, माझ्या पोटात दुखत होतं.

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. सकाळची हजेरी झाली होती, मी आवक-जावकचं रजिस्टर पाहत होतो. ठाणे अंमलदार एका बाईला घेऊन आत आला. तो हसू दाबत होता. बाई चाळिशीची, घरंदाज शेतकरी कुटुंबातली दिसत होती, खांद्याला कापडी पिशवी. बसा म्हटलं तरी ती उभीच राहिली.

"साहेब, माही मैत्रीण बेपत्ता हाय. रविवारपासून बोलून नाही राह्यली."

"मैत्रिणीचं नाव?"

"चारोळी."

"खरं नाव सांगा बाई."

"ते नाही माहीत जी."

"गाव?"

"जंगलाकडचं हाय कोनतं तरी. तिनं सांगतलं नाही, मीनं इचारलं नाही."

"दिसायला कशी आहे?"

"पाह्यली नाही कधी."

अंमलदाराला आता हसू आवरेना. मी पेन खाली ठेवलं. "मग बाई, हरवलं कोण? मिसिंगच्या फॉर्ममध्ये मी लिहू काय?"

तिचे डोळे भरून आले. तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. "हे वाचा ना साहेब. वाचा अन् मंग हासा."

गप्पांच्या एका ॲपवर बायकांचा एक ग्रुप होता. नाव 'दुपारचा ओटा'. चाळीसेक बायका, बहुतेक आपल्याच जिल्ह्यातल्या, काही इथून लग्न होऊन बाहेर गेलेल्या. दुपारी घरातलं आवरलं की या ओट्यावर येऊन बसायचं. नियम दोनच. खरं नाव सांगायचं नाही आणि चेहऱ्याचा फोटो टाकायचा नाही. हात, ताट, अंगण, काय वाटेल ते दाखवा. प्रत्येकीने शेता-रानातलं एक नाव घेतलेलं. समोर उभी होती ती अंबाडी. ती घरी ब्लाउज शिवायची.

ग्रुपची आणखी एक रीत होती. रविवारी घरात जे गोडधोड झालं असेल त्याच्या ताटाचा फोटो टाकायचा आणि ताटाशेजारी एक वाटी वेगळी काढून ठेवायची. ती वाटी कुणाची, ते नाव घेऊन सांगायचं. म्हणजे तुझा वाटा. ती वाटी मग घरातलं कुणीही खायचं, पण नाव घेतलं गेलं हे महत्त्वाचं. मी हे ऐकलं तेव्हा मला पोरखेळ वाटला. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही आम्हाले कधी वाटी काढून ठेवली काय? मंग तुम्हाले काय समजते."

तर या चारोळीने रविवारी ताट टाकलं नव्हतं. तिने एकच ओळ टाकली होती. "आता माहा वाटा कोनी काढू नका." त्यानंतर काही नाही. चाळीस बायकांनी विचारलं, उत्तर नाही.

ओळ वाचून अंमलदाराचं हसू गेलं. जीव द्यायला निघालेली माणसं अशीच बोलतात, हे आम्हाला चांगलं माहीत असतं. ती काही मोठं भाषण करत नाहीत. माझं आता ताट वाढू नका, माझी वाट पाहू नका, एवढंच म्हणतात.

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मॅडमना बोलावलं. त्या अंबाडीला घेऊन शेजारच्या खोलीत बसल्या. ॲपच्या कंपनीकडून नंबर मिळवायला जिल्ह्याच्या सायबर सेलमार्फत पत्र करावं लागणार होतं आणि त्याला दिवस लागणार होते. मॅडम थांबल्या नाहीत. त्यांनी चारोळीचे जुने फोटो एकेक करून पाहिले. संध्याकाळी टेबलावर कागद ठेवून म्हणाल्या, "सर, ही बाई झरी जामणी तालुक्यातली असावी."

"कशावरून?"

"तिचे मेसेज दिवसभर येत नाहीत. दुपारी एकदम आठ-दहा येतात. म्हणजे ती लिहून ठेवते आणि रेंज असलेल्या जागी गेली की ते सुटतात. फोटोत वनखात्याच्या रोपवाटिकेच्या पिशव्या आहेत. एका फोटोत शाळेच्या भिंतीचा तुकडा आहे, त्यावर आदिवासी आश्रमशाळा असं अर्धं वाचता येतं. आणि 'आज बाजार' असं ती दर आठवड्याला एकाच वारी लिहिते, त्या भागातला आठवडी बाजार त्याच वारी भरतो. मी त्या बाजूच्या ठाण्याला फोटोंसकट पत्र तयार केलंय. तिथल्या बीट हवालदाराने पाहिलं तर घर ओळखेल. तुमची सही हवी."

काम चोख होतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी पाठ थोपटली असती. पण माझ्या डोळ्यांसमोर पुढची मीटिंग आली, त्यात मोठे साहेब पुन्हा त्यांचं नाव घेतायत आणि मी पुन्हा टाळ्या वाजवतोय. मी म्हटलं, "ठेवा. पाहतो." पत्र ड्रॉवरमध्ये गेलं. बुधवारी त्यांनी विचारलं तेव्हा मी अगदी गोड आवाजात सांगितलं, "गेलं ना पत्र." ते गेलं गुरुवारी सकाळी.

त्या दीड दिवसात मी काय केलं? स्वतः काहीतरी शोधायचा प्रयत्न केला. ग्रुपवरच्या गप्पा वाचत बसलो. मला त्या ॲपमधलं काही जमत नव्हतं, बोट लागलं की भलतंच उघडायचं. अंबाडी रोज सकाळी दहाच्या जीपने यायची, बाकावर बसायची, संध्याकाळी पाचला जायची. मधूनमधून उठून विचारायची, "काही समजलं काय साहेब?" शिपायांनी तिला पाणी दिलं की नको म्हणायची. तिची कळकळ पाहून आमच्या एका हवालदाराने म्हटलं, "साहेब, सख्खी बहीण असती तरी एवढं कोनी बसलं नसतं."

शुक्रवारी सकाळी तिकडून फोन आला. घर सापडलं. मी आणि मॅडम गाडी काढून निघालो, जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. चारोळीचा नवरा वनरक्षक होता. सरळ माणूस, चाळीस उन्हाळ्यांचं ऊन अंगावर घेतलेला. आम्हाला पाहून घाबरला.

"ती माहेरी गेली जी. दारव्ह्याकडे, तांड्यावर. बुधवारी सकाळीच निघाली."

"फोन केला होता तिथे?"

"नाही. येईन चार दिवसानं म्हने. तिले इथं करमत नाही साहेब. बंजाऱ्यायच्या गोरबोलीत बोलाले इथं कोनी नाही, मी दिवसभर जंगलात. फोनवर गप्पा मारे त थोडी खूश राहे. मांगचे दोन महिने तेही नव्हतं."

मी तिथूनच दारव्ह्याच्या ठाण्यामार्फत तांड्यावर निरोप पाठवला. तासाभराने तिच्या भावाचा फोन आला. ती तिथे आलीच नव्हती. वनरक्षक अंगणात खाली बसला.

मी मॅडमकडे पाहिलं नाही. बुधवारी सकाळीच निघाली, हे शब्द मी ऐकले होते. पत्र मंगळवारी संध्याकाळी गेलं असतं तर बुधवारी पहाटे बीट हवालदार या दारात उभा असता. हे मला कळलं आणि मी ते कुणाला बोललो नाही.

तिने फोन घरीच ठेवला होता. नवऱ्याने तो काढून दिला. त्यात ग्रुपच्या गप्पांपेक्षा वेगळं असं एक खातं सापडलं. नाव 'तीळ'. दोन महिन्यांपासून ते चारोळीला एकटीलाच लिहीत होतं. मी ग्रुपमधलीच आहे, तुझं भलं व्हावं म्हणून दुसऱ्या नावाने लिहितेय, असं सुरुवातीला. मग हळूहळू विष. सगळ्या तुझ्या मागे हसतात. तू ग्रुपवर गातेस त्या गाण्यांची टिंगल करतात. तू तांड्यावरची म्हणून नाकं मुरडतात. त्यातही सगळ्यात जास्त रोख होता जवस नावाच्या बाईवर. जवस म्हणजे यवतमाळच्या एका शाळेतली शिक्षिका, ग्रुपवर चार महिन्यांपूर्वी आलेली. आल्यापासून चारोळीची आणि तिची चांगली गट्टी जमली होती, गप्पांत तिने आपली शाळाही सांगून टाकली होती. तिच्या चॅटचे फोटोच तिळाने पाठवले होते. त्यात जवस चारोळीबद्दल फार घाण बोलली होती.

मी म्हटलं, "हीच ती. उचला जवसला."

मॅडम म्हणाल्या, "सर, जरा थांबू या. फिर्यादी बाईंना आधी विचारावं असं मला वाटतं."

"कोणाला? अंबाडीला? रोज येऊन बसते ती?"

"तिळाने ग्रुपमधल्या बहुतेक सगळ्यांची नावं घेतलीत. हिने असं म्हटलं, तिने तसं म्हटलं. अंबाडीचं नाव एकदाही नाही."

"कारण ती चांगली वागली असेल," मी म्हटलं आणि विषय संपवला. खरं तर मुद्दा माझ्या लगेच ध्यानात आला होता. पण तो त्यांना सुचला होता, मला नाही.

परतीच्या वाटेवर यवतमाळला थांबून मी त्या शिक्षिकेला शाळेच्या ऑफिसात बोलावून घेतलं. मुख्याध्यापकांसमोर. आजही लाज वाटते. मी आवाज चढवला, एका बाईचा जीव गेला तर जबाबदारी तुमची, असं म्हटलं. त्या बिचारीने फोन उघडून माझ्या हातात दिला. "पाहा साहेब. माझा अन् चारोळीचा एकेक शब्द हाय यात." त्यात घाण एक अक्षर नव्हतं. शेवटच्या महिन्यात चारोळीने उत्तर देणं बंद केलं होतं आणि ही वेडी रोज लिहीत होती, काय चुकलं माझं, सांग ना. मॅडमनी मला समजावलं की दुसऱ्या फोनवर जवस नावाने खातं उघडायचं, स्वतःच स्वतःला लिहायचं आणि त्याचा फोटो पाठवायचा, इतकं ते सोपं असतं. मी शिक्षिकेला सॉरी म्हटलं. मुख्याध्यापकांना मात्र काही म्हटलं नाही, ते म्हणायला हवं होतं.

शनिवारी सकाळी अंबाडी ठाण्यात आली नाही. तिला ताप असल्याचा निरोप होता. पुरवणी जबाब घ्यायचाच होता म्हणून आम्ही ढाणकीला तिच्या घरी गेलो. मॅडमचा आग्रह होता, मी नाइलाजाने. हिरव्या दाराचं घर, पुढे ओटा, आत खिडकीशी शिलाई मशीन. नवरा सोयाबीन घेऊन मार्केटला गेला होता. आम्हाला पाहून ती उठली, पोलीस घरी आले म्हणून तोंड उतरलं, पण पाहुणचार केल्याशिवाय सोडणार नव्हती. तिने आम्हा दोघांना वाटीत शिरा दिला.

मी खात होतो. वाटी अर्धी झाली तसा तिचा काठ माझ्या नजरेला आला. आपल्याकडे लग्नात भांडी देतात, त्यांवर देणाऱ्याचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असतं. तसंच या वाटीवर होतं. अमुक मामाकडून सप्रेम भेट. मी वाटी फिरवली आणि चमचा खाली ठेवला.

तिळाने चारोळीला नुसतं विष पाठवलं नव्हतं. एका रविवारी एक फोटोही पाठवला होता. ताट, शेजारी वेगळी काढलेली वाटी, आणि खाली, "तुझा वाटा." शुक्रवारी त्या फोनवर तो फोटो मी मोठा करून पाहिला होता. वाटीच्या काठावर मामाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं आणि 'मामाकडून सप्रे' एवढं दिसत होतं. अंबाडी म्हणून ती कायम चिनी मातीच्या निळ्या वाटीत वाटा काढायची, ते सगळ्या बायकांच्या ओळखीचं होतं. तीळ म्हणून तिने फडताळातून दुसरी वाटी घेतली, एवढी काळजी घेतली. पण रोजच्या भांड्यावरचं नाव घरच्या बाईला दिसेनासं झालेलं असतं. वीस वर्षं ती वाटी घासली जाते, कोण वाचतं?

त्या क्षणी मला काय वाटलं तेही लिहितो. हे मला सापडलं, मॅडमना नाही. बाई जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसताना मला हा आनंद झाला.

मी वाटी टेबलावर ठेवली आणि मॅडमनी आपल्या फोनमध्ये घेऊन ठेवलेला तो फोटो तिच्यापुढे धरला. तिने पाहिलं.

"अशा वाट्या घरोघरी असतात साहेब."

"असतात. मामाही घरोघरी हाच असतो काय?"

मॅडम तिच्याजवळ जाऊन बसल्या. "ताई, तिळाने सगळ्यांची नावं घेतली. तुमचं नाही घेतलं. मला कालपासून तेवढंच कळत नव्हतं."

अंबाडीने पदर तोंडाला लावला. रडली नाही. मशीनच्या स्टुलावर बसली आणि जमिनीकडे पाहत बोलत राहिली.

"चार वर्सं रोज दुपारी ती माह्याशी बोले. ग्रुपवर नवीन आलती तवा तिच्याशी कोनी बोलत नव्हतं, मीनं बोलती केली. तिचं पयलं गाणं मीनं ऐकलं. दर रविवारी तिची वाटी माही, माही वाटी तिची. माह्या घरात माह्याशी एवढं कोनी बोलत नाही साहेब. जेवाले वाढ, हिशेब दे, बस. मंग ती मास्तरीण आली. पयल्या रविवारी चारोळीनं तिची वाटी काढली. मीनं म्हनलं, असू दे, नवीन हाय. दुसऱ्या रविवारी पुन्हा तिचीच. मी मोजत राह्यली. आठ रविवार. आठही तिचेच. मी वाटी काढून फोटो टाको, त चारोळी नुसता अंगठा टाके. मले रात्री झोप नाही येये. मास्तरणीचं नाव दिसलं का अंगाची आग होये."

"मग?"

"मंग पोराचा जुना फोन होता, त्यात नवीन सिम टाकलं." ती थांबली. "मले चारोळीचं वाईट नव्हतं कराचं. तिनं त्यायले सोडावं अन् माह्याकडे यावं, एवढंच. तिनं सगळ्यायलेच सोडलं. तिचा तो मेसेज वाचला, सोमवारभर उत्तराची वाट पाह्यली. मंगळवारी धावत तुमच्याकडे आली."

मी खेकसलो, "हे मंगळवारीच सांगितलं असतं तर?"

"सांगणार होती. रोज सांगाले येत होती. तोंडच नाही उघडलं."

मला ड्रॉवरमधला कागद आठवला.

मॅडम मात्र वेगळ्याच विचारात होत्या. "ताई, तिला तुमच्याकडे यावं असं वाटायला तिळाने काय लिहिलं होतं? शेवटचा मेसेज फोनमध्ये पुसलेला आहे."

"मीनंच पुसला, दोन्हीकडून. लिहिलं होतं, सारे खोटे हायत, ढाणकीची अंबाडी तेवढी तुही खरी हाय."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "सर, ती दारव्ह्याला जातच नव्हती. ती इकडे आलीय."

अंबाडी स्टुलावरून उठली. "इकडं? माह्या घरी?"

"बुधवारी निघाली म्हणजे बुधवारी संध्याकाळी किंवा गुरुवारी पोहोचली असेल. गुरुवारी तुम्ही कुठे होतात?"

"तुमच्या बाकावर," ती म्हणाली. "घराले कुलूप लावून."

ढाणकीच्या चौकीतले दोन शिपाई आणि आम्ही, गल्ल्या वाटून घेतल्या. तासाभरात पत्ता लागला. दोन गल्ल्या पलीकडे बांगड्या विकणारी एक म्हातारी राहायची. तिने सांगितलं, "आली होती बापा एक पोरगी गुरुवारी. हिरव्या दाराचं घर पुसे, फोटोत पाह्यलं म्हने, ओट्यावर शिवणाऱ्या बाईचं. हिरवे दारं काय कमी हायत ढाणकीत? एका घराले कुलूप होतं, तिथं दोन दिवस दुपारच्या चकरा मारल्या तिनं, दिवेलागनीच्या आधीच मंदिरात जाऊन निजे. काल ताप भरला, मंग मीच म्हनलं, ये इथं पड."

चारोळी आतल्या खोलीत गोधडीवर बसली होती. तिशीची असेल, बारीक, हातात बांगड्या म्हातारीने भरलेल्या. जिवंत होती. मी दाराच्या चौकटीला टेकलो आणि खूप दिवसांनी देवाचं नाव घेतलं.

अंबाडी बाहेर ओट्यावर उभी होती. मॅडमनी तिला एवढंच सांगितलं, "तुम्ही सांगा. नाहीतर आम्हाला सांगावं लागेल." ती आत आली. दोघींनी एकमेकींचा चेहरा पहिल्यांदा पाहिला. चारोळीने आधी तिच्या हाताकडे पाहिलं. सुईने टोचून टोचून काळवंडलेलं ते बोट तिने शेकडो फोटोंत पाहिलेलं होतं.

"अंबाडी?" ती म्हणाली आणि हसली. तापलेल्या हातांनी तिने अंबाडीचे दोन्ही हात धरले. "कुठं गेलती तू? मी किती चकरा मारल्या."

अंबाडीने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. नवं सिम, जवसच्या नावाचे खोटे फोटो, आठ रविवार. सांगताना तिचे हात चारोळीच्या हातातच होते. ते कधी सुटले मला कळलं नाही, पण बोलणं संपलं तेव्हा चारोळीचे हात तिच्या स्वतःच्या मांडीवर होते. म्हातारी कोपऱ्यात उभी राहून नुसती ऐकत होती.

मग चारोळीने एकच विचारलं. "मी आली तवा तुह्या घराले कुलूप नसतं, तू घरी असती, त मले हे सांगतलं असतं तुनं?"

अंबाडी खोटं बोलू शकली असती. आम्ही कुणी ते पकडू शकलो नसतो.

"नाही," ती म्हणाली. "तुले चहा करून देल्ला असता. जवळ बसवलं असतं. नसतं सांगतलं."

चारोळीने मान हलवली. तिने पाणी मागितलं, प्यायली आणि मॅडमकडे वळून म्हणाली, "मले घरी जायचं हाय."

तक्रार द्यायची का, असं मी रीतसर विचारलं. ती नको म्हणाली. तसा लेखी जबाब लागतो, म्हणून मॅडम लिहायला बसल्या. पहिलाच प्रश्न, पूर्ण नाव. चारोळीने आपलं नाव, नवऱ्याचं नाव, तांड्याचं नाव सांगितलं. अंबाडी तीन हातांवर उभी होती. चार वर्षांच्या मैत्रिणीचं नाव तिने तिथे पहिल्यांदा ऐकलं, आणि ते पोलिसांच्या कागदावर उतरत होतं. ती हळूच बाहेर गेली. नंतर चारोळी पुन्हा त्या ओट्यावर आली की नाही, अंबाडीशी बोलली की नाही, हे मी कधी विचारलं नाही. संध्याकाळी वनरक्षक जीप करून आला आणि तिला घेऊन गेला.

पोलिसाची नजर शत्रू शोधायला शिकलेली असते. कोणाचं भांडण होतं, कोणाचा फायदा होता, हे आम्ही पाहतो. या प्रकरणाने मला शिकवलं की मत्सर करणारा माणूस बहुतेक वेळा मायेचाच असतो. तो मदत करतो, काळजी करतो, ठाण्याच्या बाकावर दिवसभर बसतो, आणि नुकसानही तोच करतो. पुढच्या दोन वर्षांत फिर्याद घेऊन येणाऱ्याच्या कळवळ्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. त्याचा तपासात उपयोग झाला, हे खरं.

पण मुख्य गोष्ट ती नाही. ठाण्याकडे परतताना गाडीत मॅडम माझ्या शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "सर, पत्र वेळेवर गेलं म्हणून बरं झालं. नाहीतर घरच सापडलं नसतं." मी खिडकीबाहेर पाहत हो म्हटलं. नंतर अहवाल लिहिताना वाटीची गोष्ट मी आठ ओळींत लिहिली आणि त्यांच्या अनुमानांची दोन ओळींत. मीटिंगमध्ये या वेळी माझं नाव घेतलं गेलं. मॅडमनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

त्या आता दुसऱ्या जिल्ह्यात मोठ्या हुद्द्यावर आहेत. दिवाळीला न चुकता फोन करतात, तब्येत विचारतात, तुमच्याकडून खूप शिकले सर, असं म्हणतात. मी आशीर्वाद देतो आणि फोन ठेवतो. इतक्या वर्षांत सांगायची संधी कितीदा आली, मी दरवेळी हवापाण्याचं बोललो. चारोळीने तो प्रश्न मला विचारला असता तर माझंही उत्तर अंबाडीचंच असतं.

मॅडम, पत्र मंगळवारी गेलं नव्हतं.